मदत हवी आहे : शाळेत आरोग्य तपासणी झाली, चिठ्ठ्या मिळाल्या, आता पुढं काय?

खडूवाली :
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

मी सोलापूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. पहिली ते आठवी, पट ११८, शिक्षक पाच. जूनमध्ये एचएम (मुख्याध्यापक) सरांनी आरोग्याचं सगळं काम माझ्या गळ्यात घातलं, का म्हणून विचारलं तर म्हणाले मॅडम तुमचं बीएस्सी झालंय ना. माझं बीएस्सी फिजिक्समधलं आहे.

तर जुलैत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) गाडी आली. दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक फार्मासिस्ट. वजन, उंची, डोळे, दात, कान सगळं बघितलं, माणसं चांगली होती, तक्रार नाही, पण एका दिवसात ११८ पोरं म्हणजे तुम्हीच हिशोब करा. जाताना १४ पोरांच्या हातात पुढच्या तपासणीच्या चिठ्ठ्या दिल्या. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी सहज विचारलं कोण कोण जाऊन आलं, तर तीन. बाकीच्या अकरा चिठ्ठ्या कुठं आहेत ते देवाला ठाऊक, एकीचं मी स्वतः गणिताच्या पुस्तकाला कव्हर घातलेलं बघितलं.

त्यातली एक सहावीतली मुलगी माझ्या डोक्यातून जात नाहीये. अक्षर मोत्यासारखं, वही कायम पूर्ण, त्यामुळं कुणाला कधी शंकाच आली नाही. मग माझ्या लक्षात आलं की शेजारणीनं ३६ चे ६३ लिहिले की हिच्या वहीतही ६३ च असतात. फळा दिसतच नाही, सगळं शेजारच्या वहीतनं उतरवून घेते. आईवडील ऊसतोडीला गेलेत, घरी आजी. आजी म्हणते तालुक्याला ३४ किलोमीटर कोण नेणार, आणि माझा रोज बुडवून जाऊ का. आजीचं तरी काय चुकलं?

दुसरं दुखणं म्हणजे सोमवारच्या लोहाच्या निळ्या गोळ्या. ऑगस्टमध्ये एका पोरानं गोळी घेऊन उलटी केली आणि गावात झालं, शाळेत कसल्या तरी गोळ्या देतात. एक आजोबा काठी घेऊन ऑफिसात आले होते. तेव्हापासनं पोरं गोळी घेतल्याचं नाटक करतात. परवा वर्ग झाडताना खिडकीच्या फटीत १७ निळ्या गोळ्या सापडल्या.

पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) दोनदा फोन केला, एकदा साहेब मीटिंगला, एकदा साहेब कॅम्पला. मला एवढंच सांगा की आरोग्य खात्याकडनं शाळेला नक्की काय काय मागता येतं आणि कुणाकडं मागायचं, आणि चिठ्ठी दिल्यावर पोराला नेणं ही जबाबदारी कुणाची? आणि सातवी-आठवीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायला कुणी येतं का? मुलांच्या खिशात माव्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पुड्या सापडतात त्याचं काय करायचं? एकदम सगळंच विचारलं, सॉरी.

फिरता दवाखाना :
बाई, मी त्याच गाडीत बसतो हो, जिल्हा वेगळा. त्यामुळं आधी आमच्या बाजूनं कबुली, चिठ्ठी पोराच्या हातात देणं ही आमची सगळ्यात मोठी चूक असते. पोरगं चिठ्ठीचं विमान करतं.

हा कार्यक्रम २०१३ ला सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधनं, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. अंगणवाडीत वर्षातनं दोनदा जायचं, शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर हे चार गट बघायचे, आणि सापडलेल्या पोराचा उपचार फुकट होईपर्यंत पाठपुरावा करायचा. हा पाठपुरावाच कागदावर राहतो. म्हणून तुम्ही असं करा, त्या अकरा जणांची नावं, वर्ग, कशासाठी चिठ्ठी दिली आणि पालकाचा मोबाईल असा एक कागद करा आणि पीएचसीला न देता थेट टीमच्या डॉक्टरला व्हॉट्सअॅप करा, कॉपी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, कॉपी तुमच्या केंद्रप्रमुखांना. पत्रात ‘विनंती’ लिहू नका, ‘पाठपुरावा प्रलंबित’ लिहा. फरक पडतो, अनुभव आहे.

डोळ्याच्या पोरांना एकेकटं तालुक्याला पाठवत बसू नका. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, तुमच्या केंद्रातल्या (केंद्रप्रमुखांच्या हाताखालच्या) सगळ्या शाळांची अशी पोरं एकाच दिवशी पीएचसीला बोलवायची आणि त्यांनाच तिथं आणायचं. चष्मा अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातनं फुकट मिळतो. हृदयाचं काही निघालं तर घाबरू नका, ऑपरेशनसुद्धा योजनेतनं होतं. आणि पुढच्या वर्षी आम्ही यायच्या दोन दिवस आधी पालकांना निरोप द्या, आई समोर असली की अर्धं काम तिथंच होतं.

उपकेंद्र सिस्टर :
गोळी परिपाठाला देत होता का? तिथंच घोळ आहे. निम्मी पोरं चहा-बटर खाऊन आलेली असतात. रिकाम्या पोटी लोह दिलं की मळमळणारच. खिचडी झाल्यावर द्या, तुमच्या समोर पाण्याबरोबर, आणि पहिली गोळी तुम्ही खा. हसू नका, शिक्षकांनी पोरांसमोर खाल्ली की वर्ग गप खातो. ज्याला ताप आहे त्याला त्या दिवशी नको. शी काळी होते हे आधीच सांगून ठेवा नाहीतर पुढच्या सोमवारी दुसरे आजोबा येतील. निळी मोठ्यांना, दहा वर्षांच्या खालच्यांना गुलाबी, हे मिसळू देऊ नका, निळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं, गुलाबीत ४५. जंताची गोळी मात्र वेगळी, ती चावून खायची.

मुलींसाठी मला बोलवा म्हटलं असतं पण तुमचं गाव लांब 😀 तुमच्या उपकेंद्राच्या सिस्टरला आणि आशाताईंना थेट सांगा, एमओंच्या (पीएचसीच्या डॉक्टरांच्या) मार्गे जाऊ नका, आम्हाला तसंही शाळेत यायचं असतंच, १० वर्षांच्या आणि १६ वर्षांच्या मुलांना टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस असते. त्याच दिवशी मुलींसाठी एक तास काढायचा. फक्त सरांना बाहेर बसवा. मी एकदा बोलत होते आणि सर मागं हजेरी भरत बसले होते, एक मुलगी तोंड उघडेना. ते चहाला गेले तर सतरा प्रश्न आले.

झाडीपट्टीवाला :
वरच्या गोळ्यांच्या सल्ल्यात एक भर, आमच्याकडं गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) भरपूर. ज्या मुलाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे हे माहीत आहे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नका. तुमच्या भागात कमी असेल, पण ऊसतोडीच्या टोळीबरोबर कुठकुठली पोरं येऊन शाळेत बसतात, विचारून घेतलेलं बरं.

टेक्सासची आई :
इथे मुलीच्या शाळेत नर्स असते, आणि शाळा सुरू व्हायच्या आधी काउंटीचं हेल्थ डिपार्टमेंट लसीकरणाचा कॅम्प लावतं, लसीचे कागद दिल्याशिवाय अॅडमिशनच पूर्ण होत नाही. आपल्याकडे प्रत्येक शाळेत नर्स का नाही ठेवत?

खडूवाली :
@टेक्सासची आई, ताई आमच्याकडं शिपाई नाहीये, घंटा सातवीची पोरं वाजवतात.

जुना मास्तर :
मॅडम, २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, एक पुरुष एक बाई, आरोग्यदूत म्हणून नेमायचे आणि त्यांना आरोग्य व शिक्षण खात्यानं मिळून ट्रेनिंग द्यायचं असं आहे. आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम. तुमच्या सरांनी एकच दूत नेमलाय आणि ट्रेनिंगही दिलेलं दिसत नाही, ते आधी मागा. दुसऱ्या दूताचं नाव मी सुचवतो, एचएम सर.

माव्याचं म्हणाल तर तंबाखूचा २००३ चा कायदा आहे, शाळेपासून १०० यार्डांत विक्री बंद आणि १८ खालच्याला विकणं कुठंही बंद. मी रिटायर व्हायच्या आधी पोरांकडनंच टेप धरून अंतर मोजून घेतलं, पिवळी रेघ मारली आणि ग्रामसभेत विषय ठेवला. रेघ मारताना टपरीवाला बघत उभा होता. एक शब्द बोलावा लागला नाही, आठ दिवसांत टपरी देवळाकडं सरकली. तिथनं पोरं आणतात तो भाग वेगळा.

खडूवाली :
आमची टपरी सरपंचांच्या चुलतभावाची आहे. 🙏 तरी टेप आणते.

खडूवाली (सहा आठवड्यांनी) :
अपडेट द्यायचं राहिलं होतं. ‘पाठपुरावा प्रलंबित’ हे दोन शब्द लिहिल्यावर तिसऱ्या दिवशी स्वतःहून फोन आला, मीच दचकले. केंद्रातल्या सहा शाळांची पोरं पीएचसीला एकाच दिवशी बोलावली, आमची अकरातली नऊ गेली, जीपचं भाडं शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकानं भरलं. उरलेली दोन आईबापांबरोबर कारखान्यावर आहेत, त्यांचं काय करायचं ते अजून सुचत नाहीये, तिकडच्या पीएचसीला कळवता येतं का कुणाला माहीत असेल तर सांगा.

गोळ्या आता खिचडीनंतर. पहिल्या सोमवारी मी खाल्ली, दुसऱ्या सोमवारी पोरांनी एचएम सरांना खायला लावली. खिडकीची फट रोज बघते, आत्तापर्यंत दोनच सापडल्या.

सहावीतल्या मुलीचा नंबर मायनस साडेतीन निघाला. चष्मा गेल्या आठवड्यात आला. पहिल्या दिवशी तास संपल्यावर ती फळ्याकडं बघत बसून राहिली, मी विचारलं काय गं, तर म्हणाली बाई तुम्ही ट ला असा शेंडा देता होय. पण घरी आजी तो चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवते, फुटला तर कोण देणार म्हणून, आणि सकाळी पोर तशीच शाळेत येते. मी आजीला सांगून बघितलं, ती म्हणते खेळताना पडला तर? तर आता प्रश्न असा आहे की चष्म्याला मागनं बांधायची ती रबरी दोरी असते ना, लहान मुलांची, ती सोलापुरात कुठं मिळते?