मदत हवी आहे: आई-बाबांना तलावाच्या पाळीवरून चालायचं आहे, कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी. या हिवाळ्यात एखाद्या रविवारी आई-बाबांना नागपूरजवळच्या सिंचन तलावावर फिरायला न्यायचं आहे. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून चढण नको. मातीच्या धरणाची पाळ वर सपाट असते, एका अंगाला दगडी पिचिंग (उतारावर रचलेले दगड) आणि पाणी, दुसऱ्या अंगाला खाली शेतं. तासभर रमतगमत चालायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

पहिलं नाव आलं रामटेकजवळच्या खिंडसीचं. टेकड्यांमधलं ते पाणी सकाळी फार देखणं दिसतं, पण बोटिंगमुळे सुट्टीला गर्दी असते. मोहगाव झिल्पी हिंगण्याकडे, त्यामुळे जवळ. आईला मात्र पक्षी बघायचे आहेत, विशेषतः पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखाडी हंस हिमालय ओलांडून येतो, आणि उमरेडकडच्या पारडगाव तलावावर दिसतो असं ऐकते.

अलीकडे गेलेल्यांनी सांगा ना: पारडगावच्या पाळीवर बेशरमची झुडपं माजली आहेत का, की सांडव्यापर्यंत, म्हणजे जादा पाणी बाहेर पडतं तिथपर्यंत, सरळ चालता येतं? गाडी पाळीजवळ जाते का? बसायला झाडाखाली सावली आहे का? आणि रब्बीसाठी पाटाला पाणी सोडलं की काठ मागे सरकतो, चिखल उघडा पडतो; मग पक्षी जवळून दिसतात की आणखी लांब जातात? त्यावरून डिसेंबर की जानेवारी ते ठरवीन. झिल्पीचा अनुभव असेल तर तोही लिहा.