पुरात धावून येणारी माणसं हायवेवर थांबत का नाहीत?

गाळवाला_चिपळूणकर:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या माळ्याला टेकलं होतं, ओसरल्यावर बघतो तर घरात गुडघाभर गाळ, फ्रीज उताणा, आणि आई जिन्यात नुसती बसून. तेवढ्यात गुहागर साइडची पोरं टेम्पोतनं फावडी घेऊन उतरली, ओळख ना पाळख, त्यातला एक आईला म्हणाला काकू देव कुठे आहेत ते सांगा, तेवढे आधी काढतो, आणि खरंच देव्हाऱ्यापासनं सुरुवात केली.
आता दुसरी बाजू. मागच्या पावसाळ्यात मावसभाऊ परशुराम घाटात बाइकवरनं घसरला, पाय मोडला. गाड्या स्लो व्हायच्या, काच खाली, बघायचे, चालले पुढे. शेवटी राजस्थानचा एक ट्रकवाला थांबला. मग कळवळा एकीकडे उतू जातो आणि दुसरीकडे आटतो कसा? आणि मदत करणारा समोरच्यासाठी करतो की स्वतःच्या मनाची टोचणी जावी म्हणून?

मानसशास्त्र_रत्नागिरी:
दादा तुमच्या शेवटच्या प्रश्नावर १९८१ साली प्रयोग झालाय, डॅनियल बॅटसन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते त्यांचा. विद्यार्थ्यांना एक मुलगी विजेचे झटके खाताना दाखवली (झटके खोटे होते, घाबरू नका) आणि विचारलं, उरलेले झटके तिच्या जागी तुम्ही घ्याल का. काहींना सांगितलं होतं की नको वाटलं तर लवकर सुटका आहे, पुढचं बघायला लागणार नाही. नुसती टोचणीच असती तर सगळेच सटकले असते ना? पण ज्यांना ती आपल्यासारखीच आहे असं भासवलं होतं, त्यातले बहुतेक जण सुटायची सोय असूनही झटके घ्यायला तयार झाले. परकी वाटली ते मात्र बरेचसे सटकले. तुमच्या आईला बघून त्या पोराला स्वतःची आई दिसली असणार.
आणि हायवेचं म्हणाल तर १९७३ चा प्रिन्स्टनचा प्रयोग बघा. धर्मशास्त्राची पोरं भाषण द्यायला निघालेली, काहींचा विषय तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट! वाटेत एक माणूस कण्हत बसवलेला. घाई नव्हती त्यातले ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेले फक्त १० टक्के. म्हणजे घाईत असलेल्याला समोरचा नीट दिसतच नाही, मग कळवळा येणार कुठनं.

दर्यावर्दी_मालवण:
माका ह्यां सगळा पटना नाय. दर्यात कोणाची बोट बंद पडली काय आम्ही आधी दोरी टाकतो, नाव मगे विचारतो. आज तो, उद्या तेच्या जाग्यार मी आसतलंय. कळवळो बिळवळो नंतर.

खेडचा_वकील:
घाई वगैरे ठीक आहे हो, पण खरं कारण लफडं. पोलीस बसवून ठेवतील, हॉस्पिटलवाले पैसे भर म्हणतील, कोर्टात साक्षीला खेटे, ही भीती मुरलेली आहे, आणि पूर्वी ती खोटी पण नव्हती. पुरात ते लफडं नसतं. पण आता कायदा बदललाय हे कितीजणांना माहितेय? सुप्रीम कोर्टाने २०१६ ला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची गाइडलाइन्स मान्य केली, मग २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. चांगल्या मनाने मदत करताना चुकून काही कमीजास्त झालं तरी तुमच्यावर दिवाणी-फौजदारी नाही, आणि नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही. निदान १०८ तरी फिरवा, त्याला काय जातं.

खेर्डीची_वहिनी:
सगळे कळवळ्याचं कौतुक करताय म्हणून लिहिते. पुरानंतर आमच्याकडे जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग आले, हुक तुटलेले ब्लाउज, जरीच्या साड्या, एका पिशवीत तर चक्क कोट! रस्त्यावर भिजून कुजले आणि ते उचलायला परत माणसं लावावी लागली. आम्हाला काय हवं होतं? खराटे, फावडी, फिनेल, प्यायचं पाणी, सॅनिटरी पॅड (हे कोणी बोलतच नाही), आणि मोटर दुरुस्त करणारा एखादा वायरमन. तो टेम्पोतला पोरगा मला म्हणून आवडला, की त्याने आधी विचारलं. आणि ज्या बाजारपेठेचे व्हिडिओ फिरले तिथे गाड्यांची लाइन, आतल्या वाड्यांत पाण्याची बाटली पोचायला दिवस गेले. जे मोबाइलवर दिसलं त्याचीच दया आली लोकांना.

गाळवाला_चिपळूणकर:
वहिनी, कोटाचं अगदी खरं, आमच्या गल्लीत तर स्वेटर आलेले, जुलैत! वकीलसाहेब, त्या ट्रकवाल्याने पण आधी हेच विचारलं होतं, भैया पुलिस का कुछ होगा क्या, आणि उत्तराची वाट न बघता भावाला उचललं. मालवणवाले भाऊ, तुमचं पण अर्धं पटतं, पण राजस्थानचा माणूस परत कधी परशुराम घाटात आमच्या उपयोगाला येणारे?

दर्यावर्दी_मालवण:
आमच्या नाय, पण त्या ट्रकवाल्याक पण कधीतरी कोणीतरी उचललेलो आसतलो. विचारलंस काय तेका?

गाळवाला_चिपळूणकर:
नाही ना. डिझेलचे पैसे देऊ केले तर शिव्या घालून गेला.