शब्दचर्चा: 'शेल' म्हणजे शिंपला की टरफल? कायटिन आणि कायटोसान एकच का?

विचारणा: कोळंबीच्या कचऱ्यातून कायटोसान (टरफलांतल्या कायटिन या चिवट पदार्थापासून बनणारे) काढण्याची कृती मराठीत आणतो आहे. 'शेल'ला 'शिंपला' लिहिले आणि कायटिन-कायटोसान दोन्हींना 'कायटिन'च म्हटले, तर चालेल?

खारवट: अजिबात नाही. शिंपला जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा. सौम्य आम्लात फसफसून विरघळेल आणि हाती काहीच लागणार नाही. अंड्याच्या टरफलातून पापुद्रा उरतो, पण तो प्रथिनाचा, कायटिनचा नव्हे. कोळंबीचे 'टरफल' आणि खेकड्याचे 'कवच' असेच लिहा. कायटिन हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ ओदिए यांनी 1823 मध्ये ग्रीक 'खिटॉन'वरून दिले. त्याचा अर्थ अंगरखा. शोभते!

मोजमाप: दोन्ही नावे वेगळीच ठेवा. कायटिन सुमारे 50 टक्के कॉस्टिक सोड्यात 100 अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवले की त्याच्या रेणूंना जोडलेले बरेचसे ॲसिटिल गट (अणूंचे छोटे पुंजके) सुटतात, मग ते कायटोसान. परीक्षा सोपी: 1 टक्का ॲसेटिक आम्लात ढवळा. कायटोसान विरघळून द्राव चिकट होतो, कायटिन तसेच राहते. गढूळ पाणी निवळायला किंवा फळांवर लेप द्यायला द्रावच लागतो, म्हणून तिथे 'कायटिन' लिहिणे ही निव्वळ चूक.

विचारणा: आणि 'डीमिनरलायझेशन'?

मोजमाप: 'खनिज काढणे', एवढे पुरे. प्रमाण मात्र द्या. 100 ग्रॅम वाळलेल्या टरफलांत 40 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरले, तर 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल किमान 800 मिलि लागते. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त घ्यावे. थोडे थोडे ओता, नाहीतर फेस भांड्याबाहेर. गरम आम्लात फार वेळ ठेवले तर कायटिनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि पुढचा द्राव पातळ होतो.

खारवट: प्रथिन काढायच्या पायरीत 'क्षार' लिहू नका. शालेय पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट. कोणीतरी मीठ टाकेल. सरळ 'सुमारे 4 टक्के कॉस्टिक सोडा' लिहा. 'पॉलिमर'ला 'बहुवारिक' आहेच, 'बहुलक' हिंदीतला.

विचारणा: खनिज काढूनही टरफले गुलाबीच दिसतात. 'अशुद्ध' म्हणू?

खारवट: 'रंगीत' म्हणा. तो ॲस्टाझँथिन या रंगद्रव्याचा रंग. ॲसिटोनने धुतला की जातो.