वायपर बंद असताना पेस्कारोलोला रस्ता दिसला कसा?

प्रश्न (रत्नागिरी): १९६८ च्या फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ‘मात्रा एमएस ६३०’ या फ्रेंच गाडीचा वायपर रात्रीच्या पावसात बंद पडला. सहचालक जॉनी सर्वोझ-गाव्हँ याने गाडी चालवणे अशक्य असल्याचे सांगितले, तरीही आँरी पेस्कारोलो तीच गाडी घेऊन निघाला आणि शर्यत चालू असताना तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. आषाढात हातखंब्याहून रात्री परतताना वायपर पूर्ण वेगाने चालू असूनही मला रस्त्याची कड दिसत नाही, म्हणून त्याला नेमके काय दिसत असेल, हे जाणून घ्यायचे आहे.

उत्तर (चिपळूण): मी गॅरेज चालवतो. वेग पुरेसा वाढला की समोरच्या हवेच्या दाबाने काचेवरचे पाणी वर सरकू लागते, त्यामुळे लांब सरळ रस्त्यावर त्याला थोडी मदत झाली असणार. मात्र त्या रस्त्याच्या शेवटी असलेल्या मुल्सानसारख्या संथ वळणावर तो आधार संपतो, आणि पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले गढूळ पाणी कोणत्याही वेगात त्रासच देते. परशुराम घाटात तर वेगच नसतो, तेव्हा वायपर बिघडला की गाडी बाजूला घेऊन थांबावे.

उत्तर (मालवण): आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एरवी जूनमध्ये होणारी ही शर्यत फ्रान्समधील मे महिन्याच्या संप-आंदोलनांमुळे त्या वर्षी २८ आणि २९ सप्टेंबरला झाली, त्यामुळे अंधार जवळजवळ बारा तासांचा होता. पेस्कारोलोच्या धैर्याविषयी शंका नाही, पण माझ्या मते इंजिनाचे श्रेय त्याहून कमी नाही, कारण फॉर्म्युला वनच्या सुमारे दोन तासांच्या शर्यतींसाठी घडवलेले तीन लिटरचे व्ही-१२ (बारा सिलिंडरचे) इंजिन येथे वीस तासांहून अधिक टिकले. रविवारी मात्राचा टायर फुटला, आग लागली आणि गाडी बाद झाली. ४.९ लिटर इंजिनाची फोर्ड जीटी ४० जिंकली.

उत्तर (देवगड): पुढचा भागही सांगायला हवा. एप्रिल १९६९ मध्ये त्याच सर्किटच्या लांब सरळ रस्त्यावर मात्राच्या एमएस ६४० या छत असलेल्या गाडीची चाचणी घेताना पेस्कारोलोला भीषण अपघात झाला व तो गंभीर भाजला. त्या वर्षी ज्याँ-पियर बेल्तवाज आणि पियर्स करेज या चालकांनी मात्राच्याच उघड्या एमएस ६५० मधून चौथा क्रमांक मिळवला. पेस्कारोलोने १९७२ मध्ये ग्रॅहॅम हिलसोबत मात्राला ल मांचे पहिले विजेतेपद मिळवून दिले, आणि १९७३ व १९७४ ही वर्षेही मात्राचीच ठरली.