औद्योगिक जमिनीचा वापरबदल: अर्जागणिक परवानगी द्यावी की धोरण आधीच ठरवावे?

प्रश्न: आराखडा_वाचक

एका शहराच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर मला लेखी हरकत नोंदवायची आहे आणि ती नोंदवण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. मसुद्यात औद्योगिक विभागासाठी एक नवे कलम घातले आहे. जी औद्योगिक जमीन सलग तीन वर्षे उत्पादनाविना पडून असेल, तिच्या मालकाने अर्ज करून ठरावीक अधिमूल्य भरल्यास त्याला निवासी किंवा वाणिज्य वापराची परवानगी मिळेल, असे त्या कलमाचे स्वरूप आहे. प्रत्येक अर्जाचा विचार स्वतंत्रपणे, गुणवत्तेवर केला जाईल, असेही त्यात म्हटले आहे.

कलमाच्या बाजूने दिलेली कारणे सहज झटकून टाकण्यासारखी नाहीत. घरांची टंचाई खरी आहे, मोठे कारखाने शहराबाहेर गेले आहेत हेही खरे, आणि जुन्या औद्योगिक पट्ट्यांना रस्ते, पाणी व वाहतूक आधीच उपलब्ध असल्यामुळे तेथे वस्ती करणे हे शेतजमिनीवर नवी वस्ती उभारण्यापेक्षा शहाणपणाचे ठरू शकते. तरीही तीन शंका मनातून जात नाहीत. जमीन पडून आहे एवढ्यावरून तेथे उद्योगाला मागणी नाही, असा निष्कर्ष काढता येतो का? वापर बदलल्यामुळे जमिनीची जी किंमत वाढते, तिचा वाटा शहराने कोणत्या रीतीने घ्यावा? आणि जेथे अनेक वर्षे रसायने हाताळली गेली, तेथील मातीविषयी मसुद्यात एक अक्षरही नाही, हे चालण्यासारखे आहे का?

उत्तर १: नगररचनाकार

आपल्या पहिल्या शंकेत बाकीच्या दोन्हींचे मूळ आहे, म्हणून तिच्याविषयी विस्ताराने लिहितो.

वाढत्या शहरात निवासी जमिनीचा भाव औद्योगिक जमिनीच्या कितीतरी पट असतो. परवानगी मिळण्याची नुसती शक्यता निर्माण झाली, तरी जमिनीची किंमत त्या शक्यतेच्या दिशेने सरकू लागते. मग मालकाला कारखान्याच्या भाड्यात रस उरत नाही. तो छपराची दुरुस्ती टाळतो, दीर्घ मुदतीचे करार करत नाही, जुने भाडेकरू निघून गेल्यावर नवे घेत नाही, आणि उद्योजकही जेथे पुढच्या वर्षी असू की नाही याची खात्री नाही तेथे जड यंत्रे बसवण्याचा खर्च करत नाही. काही वर्षांत तो पट्टा ओसाड दिसू लागतो आणि मग तोच ओसाडपणा परवानगीसाठी पुरावा म्हणून सादर होतो. मसुद्यातील तीन वर्षांची अट ही मालकाच्या हातात दिलेली किल्ली आहे. जागा रिकामी ठेवणे हा तिच्यामुळे परवानगीचा सर्वांत स्वस्त मार्ग होतो.

रिकामेपणाची कसोटी ठेवायचीच असेल, तर ती एका भूखंडावर न लावता संपूर्ण पट्ट्यावर लावावी, आणि जागा औद्योगिक दराने, वाजवी अटींवर, पुरेसा काळ भाड्याने देऊ करूनही घेणारा मिळाला नाही, याचा पुरावा मागावा. लंडनमधील अनेक बरो (शहरातील स्थानिक प्रशासकीय विभाग) असा पुरावा मागतात. शिवाय लंडनच्या आराखड्यात महत्त्वाचे औद्योगिक पट्टे नकाशावरच निश्चित केलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक अर्जाबरोबर तोच वाद नव्याने उकरला जात नाही.

अर्जागणिक निर्णयाचा दुसरा दोष नकाशावर दिसतो. पहिला भूखंड निवासी झाला की त्याच्या शेजारच्या कारखान्याविरुद्ध आवाजाच्या आणि ट्रकच्या तक्रारी सुरू होतात, मग तो कारखानाही अर्ज करतो, आणि शहराने कधीही न घेतलेला निर्णय एकेका भूखंडाने आपोआप घेतला जातो. शिकागोने ही साखळी ओळखून १९८८ मध्ये क्लाइबोर्न पट्ट्यात ‘नियोजित उत्पादन विभाग’ घोषित केला आणि तेथे घरबांधणीला बंदी घातली. जवळपास तीन दशकांनी, २०१७ मध्ये, नदीच्या उत्तर शाखेलगतच्या पट्ट्यावरील हे संरक्षण शहराने स्वतःच उठवले. तेव्हा तेथील मोठा पोलाद कारखाना शहराच्याच दक्षिण भागात गेलेला होता. त्या बदलाच्या गुणदोषांवर मतभेद आहेत, पण त्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे: संपूर्ण पट्ट्याचा आराखडा आधी झाला, वापर बदलणाऱ्यांवर शुल्क बसवले गेले आणि ते शुल्क उरलेल्या औद्योगिक पट्ट्यांच्या सुधारणेसाठी राखून ठेवले गेले.

म्हणून हरकतीत असे सुचवावे की सर्व औद्योगिक जमिनीची एकदाच पाहणी करावी, कोणते पट्टे कायम ठेवायचे, कोठे मिश्र वापर चालेल आणि कोणते पट्टे सोडून द्यायचे हे नकाशावर दाखवावे, आणि आराखड्याच्या पुढील फेरतपासणीपर्यंत मधल्या काळात एकही सुटा अर्ज स्वीकारू नये. संरक्षणाचे शब्द कितीही कडक असले, तरी अर्जाची खिडकी उघडी राहिली की किंमत त्या खिडकीकडेच पाहून ठरते.

उत्तर २: घरे_हवीत

वरील मताशी बऱ्याच अंशी सहमत असूनही एक आक्षेप नोंदवतो. औद्योगिक विभागाची रेषा पवित्र नसते. अनेक पट्टे अशा काळात आखले गेले जेव्हा माल रेल्वेच्या साइडिंगवर (मुख्य मार्गाला जोडलेल्या बाजूच्या रुळांवर) उतरत असे आणि कारखाना त्या साइडिंगलगत असणे भाग होते. आता ती साइडिंगही नाही आणि तो उद्योगही नाही. अशी जमीन ‘भविष्यात कधीतरी उद्योग येईल’ या आशेवर अडवून ठेवली, तर त्याची किंमत घराच्या शोधात शहराबाहेर फेकली जाणारी कुटुंबे रोजच्या प्रवासात मोजतात. अर्जाची खिडकी बंद करण्याला माझी हरकत नाही, मात्र पाहणी ठरावीक मुदतीत पूर्ण झालीच पाहिजे, अन्यथा ‘पाहणी सुरू आहे’ हेच वर्षानुवर्षांचे धोरण होऊन बसते. नगररचना खात्यांचा लौकिक पाहता ही भीती अगदीच काल्पनिक म्हणता येणार नाही.

उत्तर ३: गाळाधारक_उद्योजक

या चर्चेत मालक आहे, विकासक आहे आणि घर शोधणारे कुटुंबही आहे, पण त्या जमिनीवर आज काम करणारा बहुधा भाडेकरू असतो आणि मसुद्यात त्याचा उल्लेख नाही. मोठे कारखाने गेले म्हणजे उद्योग गेला, हे गृहीतकच तपासले पाहिजे. त्या जुन्या शेडचे विभाजन होऊन त्यांत छपाई, सुतारकाम, यंत्रांचे सुटे भाग, वाहनदुरुस्ती, शीतगृहे आणि मालाची गोदामे चालतात. यांतील बहुतेक व्यवसायांचे ग्राहक शहरातच असतात. ते शहराबाहेर गेले की प्रत्येक दुरुस्तीची आणि प्रत्येक फेरीची किंमत शहरालाच द्यावी लागते.

‘इमारतीच्या तळमजल्यावर उद्योगांसाठी गाळे देऊ’ असे आश्वासन अनेकदा दिले जाते. असे गाळे घेण्यापूर्वी छताची उंची, जमिनीची भारक्षमता, तीन फेजचा वीजपुरवठा, धूर बाहेर काढण्याची सोय आणि ट्रकला वळायला जागा, एवढ्या गोष्टी पाहाव्या लागतात. त्या नसतील तर तेथे कार्यालये आणि दुकाने येतात, उद्योग येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये एक प्रस्ताव मंजूर केला, ज्यानुसार शहराच्या काही भागांत उत्पादन व दुरुस्तीच्या जागा पाडून किंवा बदलून बांधकाम करणाऱ्याने पर्यायी जागा उपलब्ध करून देणे आवश्यक ठरते. अशी अट ठेवायची असेल तर ती चौरस मीटरमध्ये लिहून भागणार नाही, वर सांगितलेले तांत्रिक निकषही तिच्यात यायला हवेत.

आमच्या गाळ्याशेजारी निवासी इमारत उभी राहिल्यानंतर तक्रारींमुळे आम्हाला संध्याकाळची पाळी बंद करावी लागली, वास्तविक आम्ही तेथे त्या इमारतीच्या कितीतरी आधीपासून होतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८ पासून असे तत्त्व आहे की जो नवा वापर आणतो, त्यानेच आवाजापासून बचावाची व्यवस्था करावी. आधीपासून चालू असलेल्या व्यवसायावर त्यामुळे अवाजवी निर्बंध येऊ नयेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने हे तत्त्व संगीताच्या जागांसाठी २०१४ मध्येच आणले होते. दुहेरी काचांच्या खिडक्यांचा खर्च विकासकाच्या अंदाजपत्रकात बसतो, तो लहान कारखान्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

उत्तर ४: पर्यावरण_अभियंता

आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्ट आहे: हे चालण्यासारखे नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्स येथील लव्ह कॅनॉल या जागेत एका रासायनिक कंपनीने सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला होता. ती जमीन १९५३ मध्ये एक डॉलर नाममात्र किमतीत स्थानिक शाळा मंडळाकडे गेली, तेथे शाळा झाली आणि भोवती घरे उभी राहिली. १९७८ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले, आणि दूषित जागांच्या स्वच्छतेचा जो केंद्रीय कायदा अमेरिकेने १९८० मध्ये केला त्यामागे हे प्रकरण होते. नोंद घेण्याची बाब अशी की खरेदीखतातच पुरलेल्या रसायनांचा उल्लेख होता. माहिती कागदावर होती, पण ती पाहून परवानगी अडवील अशी पायरी प्रक्रियेत नव्हती.

कोणत्या जमिनीत काय सापडेल याचा अंदाज तेथील पूर्वीच्या व्यवसायावरून बराचसा करता येतो. विद्युत विलेपन झालेल्या जागी क्रोमियम, निकेल आणि सायनाइड शोधावे, रंगाच्या कारखान्यात शिसे, जुन्या रोहित्रांच्या जागी पीसीबी (रोहित्रांच्या तेलातील विषारी रसायने), आणि धातूचे भाग धुण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन हे विद्रावक वापरले गेले असेल तर भूजल तपासावे. या शेवटच्या प्रकारात मातीला कोणी हातही लावला नाही तरी वाफ जमिनीतून वर येऊन बंद खोल्यांत साठू शकते. भूमिगत वाहनतळासाठी खोदकाम करताना उपसलेले पाणी कोठे सोडायचे, हा प्रश्नही तेथे येतो आणि तो बहुतेकदा पंप सुरू झाल्यावरच आठवतो.

क्रम असा असावा: प्रथम जमिनीच्या वापराचा कागदोपत्री इतिहास, संशय असल्यास माती व भूजलाचे नमुने, आणि त्यानंतर नियोजित वापरानुसार स्वच्छतेची पातळी, कारण लहान मुले जेथे मातीत खेळणार तेथील निकष गोदामाच्या निकषांपेक्षा कडक असलेच पाहिजेत. हे सारे वापरबदलाच्या परवानगीपूर्वी व्हावे. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तपासणी ठेवली तर इमारत उभी असते, घरे विकली गेलेली असतात आणि नकार देणे कोणालाच शक्य नसते. आधी तपासणी झाली तर स्वच्छतेचा खर्च जमिनीच्या खरेदी किमतीतून वजा होतो, म्हणजे तो बऱ्याच अंशी मूळ मालकावर पडतो. उशिरा झाली तर तो घर घेणाऱ्यावर किंवा महापालिकेवर पडतो.

आराखडा_वाचक

सर्वांचे आभार. नकाशा आधी, मुदतबंद पाहणी आणि परवानगीपूर्वी मातीची तपासणी, हे मुद्दे हरकतीत घेत आहे. किमतीतील वाढीविषयी मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. मसुद्यातील अधिमूल्य हे जमिनीच्या सरकारी वार्षिक मूल्यदराच्या ठरावीक टक्क्यांत आहे. ते पुरेसे मानावे का?

उत्तर ५: मूल्यांकनकार

टक्का किती यापेक्षा तो कशावर मोजला जातो, याकडे पाहावे. सरकारी दर बाजारभावाच्या मागे राहिला तर वाढीचा मोठा भाग मोजणीतच येत नाही. कोलंबियाने १९९७ च्या ३८८ क्रमांकाच्या कायद्यान्वये नियोजनाच्या निर्णयामुळे झालेल्या मूल्यवाढीतील ३० ते ५० टक्के वाटा नगरपालिकांना घेण्याची मुभा दिली. तेथे आधार मूळ किमतीचा नसून निर्णयापूर्वीची आणि निर्णयानंतरची किंमत यांतील फरकाचा आहे. आपल्या हरकतीत असाच फरक मागावा, आणि ‘पूर्वीची किंमत’ ही मसुदा प्रसिद्ध होण्याआधीच्या तारखेची धरावी, नाहीतर मसुद्याच्या नुसत्या चर्चेने वाढलेली किंमतही पूर्वीची म्हणून मोजली जाईल.

वाटा जमिनीच्या रूपात घ्यायचा असेल, तर मुंबईतील गिरण्यांच्या जमिनीचा इतिहास जवळ ठेवावा. १९८२ च्या संपानंतर ५८ गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न शहरासमोर होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळ सूत्र असे ठेवले की पुनर्विकास करताना एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाकडे जावी आणि उरलेली मालकाने विकसित करावी. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. पण २००१ च्या दुरुस्तीने वाटणी संपूर्ण भूखंडाऐवजी केवळ बांधकामाविना असलेल्या मोकळ्या जमिनीपुरती राहिली. गिरण्यांच्या आवारात बहुतेक जागा इमारतींखाली होती, त्यामुळे सूत्र तसेच राहूनही सार्वजनिक वाटा अगदी थोडा उरला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनहित याचिकेवर वेगळा अर्थ लावला होता, तो मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि दुरुस्ती कायम राहिली.

त्या प्रकरणात अपूर्णांक कोणी बदलला नाही, ज्याचा अपूर्णांक काढायचा ते क्षेत्र बदलले. म्हणून आपल्या हरकतीत दोन वाक्ये नेमकी असू द्यावीत: सार्वजनिक वाटा मालमत्ता पत्रकावरील एकूण क्षेत्रावर, त्यावर बांधकाम असो वा नसो, मोजला जाईल, आणि त्या जमिनीचा ताबा बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देण्यापूर्वी, एकसलग तुकड्यात व सार्वजनिक रस्त्याला लागून, महापालिकेकडे दिला जाईल. दुसऱ्या वाक्यातील शेवटच्या दोन अटी किरकोळ वाटतील, पण त्या नसल्या की भूखंडाच्या मागच्या कोपऱ्यातली, पोहोचमार्ग नसलेली जमीन पदरात पडते.