मदत हवी आहे : विशिष्ट सेवा पदकाच्या फितीवर निळे पट्टे किती?

धागाकर्ती
आजोबांचे लष्करातील विशिष्ट सेवा पदक चौकटीत बसवण्यासाठी दिले होते. चौकट करणाऱ्याने जुनी फीत कुजली आहे असे म्हणून ती आम्हाला न विचारता कापून टाकली. नव्या फिती तीन प्रकारच्या दिसतात. तिन्ही पिवळ्या, फक्त निळ्या पट्ट्यांची संख्या वेगळी. रविवारी आजीचा नव्वदावा वाढदिवस आहे आणि चुकीची फीत तिला पाहताक्षणी कळेल. कृपया आजच सांगावे.

जुनी_पलटण
पदक परम, अति की नुसते विशिष्ट, हेच आपण लिहिलेले नाही. परमच्या सोनेरी फितीवर मधोमध एक गडद निळा पट्टा असतो, अतिच्या फितीवर दोन आणि विशिष्टच्या फितीवर तीन. धातू कोणता आहे आणि साल कोणते?

घरगुती_उपाय
चिंचेच्या कोळाने घासा, पदक लखलखीत होते. माझ्या काकांची सगळी पदके मी अशीच उजळली आहेत.

नाणी_व_पदके
कृपया असे करू नका. घासल्याने ताऱ्याच्या कडा बोथट होतात आणि कडेवर कोरलेले नाव पुसट होते. शिवाय प्रश्न फितीचा आहे.

धागाकर्ती
नुसते विशिष्टच, 'परम', 'अति' असे कागदावर कुठेही नाही. साल १९६४. म्हणजे तीन पट्टे ना? तशीच फीत मागवते.

वाचक_१
एका बाजूला पाच टोकांचा तारा असेल तर ते शौर्यपदक असणार, नीट चौकशी करा.

जुनी_पलटण
तारा आहे म्हणून ते शौर्यपदक ठरत नाही. या तिन्ही पदकांवर पुढे तारा आणि मागे राजमुद्रा असते. ही पदके उत्कृष्ट सेवेसाठी आहेत, तरीही त्यांचा मान कमी नाही. परम विशिष्ट सेवा पदक मानक्रमात महावीर चक्राच्याही आधी येते.
धागाकर्तीताई, फीत मागवू नका! पदक २६ जानेवारी १९६० रोजी सुरू झाले तेव्हा त्याचे वर्ग १, २ आणि ३ होते, परम व अति ही नावे १९६७ साली आली. त्यामुळे १९६४ च्या कागदावर ती सापडणारच नाहीत. कागदावर वर्ग लिहिला आहे का?

धागाकर्ती
हो, 'वर्ग २'. तो आजोबांच्या हुद्द्याचा असेल असे समजून मी लिहिले नाही. पदक काळपट आहे.

नाणी_व_पदके
वर्ग १ च्या पदकावर सोन्याचा मुलामा, वर्ग २ चे चांदीचे, वर्ग ३ चे कांस्याचे. चांदी वर्षानुवर्षे ठेवली की काळी पडते. कांस्य तपकिरी दिसते. वरच्या आडव्या पट्टीत फितीची घडी शिल्लक आहे का? तिथे ऊन पोहोचत नाही.

धागाकर्ती
भिंगाने पाहिले. पट्टीच्या आत बोटाच्या पेराएवढी घडी अडकलेली आहे आणि तिचा पिवळा रंग अजून हळदीसारखा गर्द आहे. दोन निळ्या रेघा स्पष्ट दिसतात, फितीचे तीन सारखे भाग करणाऱ्या. पदक पुसले नाही, कापसात ठेवले आहे.

जुनी_पलटण
म्हणजे आजचे अति विशिष्ट सेवा पदक. दोन पट्ट्यांची फीत घ्या आणि ती जुनी घडी चौकटीत मागच्या बाजूला जपून ठेवा. आजींना आमचा नमस्कार सांगा.