दोष एकट्या ढाब्याचा नाही

ट्रकचालकांचे पोट सुटते ते ढाब्यावरच्या तेलकट जेवणामुळे, हे मत मला अपुरे वाटते. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांविषयी दाखवून दिले, की दिवसभर बसून असणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण सतत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांपेक्षा अधिक होते. पुढे १९५६ मध्ये त्यांनी चक्क गणवेशाच्या विजारींची मापे तपासली (संशोधकाची ही नजर मला फार आवडते), तेव्हा चालकांची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. मात्र हा फरक फार वर्षे बसून काम न केलेल्या तरुण वयोगटातही दिसल्यामुळे हृदयविकाराचे सगळे खापर बैठ्या कामावर फोडता येईना.

आपल्याकडे यात अपुऱ्या झोपेची भर पडते. रात्रपाळीने भूक वाढते, अवेळी खाल्ले जाते, वजन वाढते आणि मानेभोवती चरबी साचली की झोपेत श्वास अडखळू लागतो. मग दिवसा स्टिअरिंगवर डुलकी लागण्याचा धोका निर्माण होतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती, पण भाड्याच्या खेपेवर कमाई अवलंबून असलेल्या चालकाला ती परवडत नाही.

चालकांच्या आरोग्य शिबिरांत दृष्टी तपासली जाते, तशीच कंबरही मोजावी (भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात) आणि घोरण्याविषयी आवर्जून विचारावे.